शेंदराखालची साक्ष

बोरजाईत देव असा एका रात्रीत जन्माला येत नाही. आधी कुणाच्या तरी स्वप्नात जावं लागतं, गुरवानं मान डोलवावी लागते, वर्गणीवरून चार घरांत रुसवेफुगवे व्हावे लागतात, तेव्हा कुठं दगडाला शेंदूर लागतो. पण त्या मंगळवारी वैजयंता उजाडायला पाण्याचा गडवा घेऊन कालव्याच्या बांधावर पोचली, तर तिचा दगड देव होऊन बसला होता.

अंगभर ओला शेंदूर, वर चिकटवलेले चांदीचे डोळे, पुढ्यात फुटका नारळ. शेजारी सदा गुरव घोंगडं अंथरून बसलेला. त्याच्यामागं कोल्ड स्टोरेजवरची माणसं उभी होती. हात जोडलेले होते खरे, पण नजरा उगारलेल्या काठीसारख्या.

"लांबनंच नमस्कार कर, वैजाताई," सदा म्हणाला. "म्हसोबा हाय. जागृत."

"कालपर्यंत नव्हता तो."

"कालपर्यंत झोपला व्हता. तू रोज पाणी मारून मारून जागा केलास म्हण की!" मागची माणसं हसली. तसा सदा जरा पुढं झुकला. "आन् इधवा बाईनं शेंदराला हात लावू नये, एवढं तर ठावं असंल. एवढी व्रतवैकल्याची तू."

वैजयंतानं लांबूनच नमस्कार केला. लावणाऱ्याच्या मनात काही का असेना, शेंदूर दिसला की हात जोडायचे, ही तिची लहानपणापासूनची रीत. मग पदराआडून मुठीएवढी पेटी काढली आणि रोजच्यासारखी म्हणाली, "बोरजाई. आज रंग दिसत नाही. दगडाला शेंदूर लावलाय."

पेटीतून नेहमीचा शुद्ध, तुपात घोळलेला आवाज आला, "पवित्र आवरण. समजले. स्थानिक श्रद्धेचा आदर राखावा. आवरणास स्पर्श करू नये."

"ऐका!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुण्याची बाईबी म्हनतीया, हात लावू नगं!"

आता हा दगड मुळात कोण होता, ते सांगायला हवं.

गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, तो खरं तर दोघांचा संसार असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ त्यात राहून स्वयंपाक करतं. मुळं नसतात. जे काही घ्यायचं ते हवेतून, म्हणून हवेत विष आलं की सगळ्यांत आधी त्याला कळतं. शास्त्रज्ञांनी याच गुणाचा फायदा घेतला. दगडफुलातल्या शेवाळाला त्यांनी एक नवं विकर बनवायला शिकवलं. जुन्या शीतयंत्रांत एक वायू भरत असत. त्याला वास नाही, रंग नाही, पण तो आभाळात गेला की कोळशाच्या धुराच्या हजारो पटींनी ऊन धरून ठेवतो. या वायूचा कण सापडला, की विकर तो तोडायचं आणि राखाडी दगडफूल जांभळं पडायचं. एवढंच. ना वीज, ना तार.

वायूवर बंदी सगळ्या देशांनी घातली होती. बंदी फायलीत राहिली आणि वायू आभाळात. तेव्हा कुणी शाळामास्तर, कुणी कोळी, कुणी दवाखान्यातली नर्स अशी साधी माणसं देशोदेशी उठली आणि त्यांनी आपापल्या गावात हे दगड मांडले. फोटोंवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. हवं तसं चित्र, हवा तसा आवाज कुणीही घरबसल्या बनवत होतं. म्हणून या लोकांनी पुन्हा माणसाचा शब्द धरला. प्रत्येक दगडाला एक साक्षी. त्यानं सूर्य उगवताना स्वतःच्या डोळ्यांनी दगड पाहायचा आणि पाहिलं तेवढंच बोलायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. ऊन जसजसं पृथ्वीवर सरकायचं, तसा एकेका गावाचा शब्द पेटीतून ऐकणाऱ्याच्या भाषेत उमटत जायचा; बोरजाईत तो इतका शुद्ध उमटे की गाव त्या आवाजाला पुण्याची बाई म्हणे. याला साखळी म्हणत.

आणि एखादं गाव जांभळं ठरलं, शेजारच्या साक्षींनीही चिमूटभर दगडफूल पाहून दुजोरा दिला, की त्या गावावर अबोला. कोर्ट नाही, पोलीस नाही. कुठल्याशा बंदरात हमाल त्या गावाचं खोकं उचलत नसत, कुठल्याशा दुकानात बाई हातात घेतलेला पुडा परत फळीवर ठेवी. सुरुवातीला मोठे लोक हसले. मग साखळीत इतकी माणसं आली की हसणं थांबलं.

वैजयंताचे यजमान गेले त्या वर्षी तिनं हा नेम घेतला. चहाच्या आधी दगड. एकादशी आणि प्रदोष जसे पाळायचे, तसाच हाही. आणि गेल्या चैत्रात तिला दगड जांभळा दिसला, तेव्हा तिनं "जांभळा" असं सांगितलं.

वायू कुठून येतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. बांधापलीकडं एकच मोठी इमारत, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. ते तिच्या सख्ख्या भावाचं, उत्तम निकमचं. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त एक गल्ली.

अबोला पडला. गावचा बेदाणा शेडमध्ये पिवळ्या ढिगांनी पडून राहिला. बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायका घरी बसल्या. साखळीनं ठेवलेलं नाव काही का असेना, बोरजाईच्या म्हाताऱ्यांनी ते लगेच ओळखलं. "ह्ये तर वाळीत टाकनं झालं." आणि मग गावानंही तेच केलं. जगाचं उट्टं वैजयंतावर काढलं.

गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. बाकीच्यांचं दळण चालू होतं. दूधवाल्यानं वाट बदलली. ती हापशावर गेली की बायका भरल्या घागरी उचलून चालू लागत, अर्ध्या भरलेल्यासुद्धा. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

लेक केतकी पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिचं डोहाळजेवण ठेवलं. पाटाभोवती फुलं लावली, हिरवी साडी नेसवली, सवाष्णींची पानं मांडली. एकही सवाष्ण आली नाही. भात निवला, कुरडया मऊ पडल्या.

"तूच भर माझी ओटी," केतकी पाटावरून म्हणाली.

"मला चालत नाही गं बाळा."

"साऱ्या जगाला शब्द द्यायला चालतं, आणि माझ्या ओटीत नारळ घालायला चालत नाही? आई, तुला प्रशांत महासागर दिसतो. समोर बसलेली मी दिसत नाही." केतकीनं डोक्यातली फुलं काढून ताटात टाकली आणि ती उठून गेली.

म्हसोबा जागा झाला त्या दिवशी दुपारी उत्तम स्वतः आला. उंच, पांढरे कपडे, घाम टिपत सोप्यात बसला.

"वैजू, मी काही खोटं बोलायला सांगत नाही. फक्त गप्प बस. अमावास्येपर्यंत रंग दिसला नाही तर दगड मेला असं धरायचं आणि अबोला सुटतो. तुमचाच नियम आहे ना?"

"मेला तर. मारला तर नाही."

"मारला कुणी? देव झालाय."

"दादा, दगडफुलाला तेलाचा थेंब लागला की ते गुदमरतं, हे तुला मीच सांगितलं होतं. इथंच, तुला वाढताना. आणि शेंदूर तेलात कालवतात."

उत्तमनं डोळे खाली केले नाहीत. उलट त्याचा आवाज चढला. "हो, सांगितलं होतंस! आणि मी काय सांगितलं होतं? यंत्र बदलायला दोन हंगाम दे म्हणालो होतो. दिलेस? त्या मोठ्या मोठ्या देशांनी शंभर वर्षं धूर ओकला, त्यांना कुणी टाकलं वाळीत? सापडलो कोण, तर बोरजाईचा उत्तम! तुझ्या त्या साखळीला गरिबाचंच दार बरं सापडतं."

हा प्रश्न वैजयंतानं स्वतःलाही पुष्कळदा विचारला होता.

"तुझं लग्न मी लावलं," तो उठता उठता म्हणाला. "भाऊजी गेले तेव्हा खांदा मी दिला. त्या बेटावरची बाई आली होती का?"

बेटावरची बाई म्हणजे मेरेआना. समुद्रात बुडत चाललेल्या कुठल्याशा बेटावर राहायची आणि त्या महिन्यात साखळीचे शब्द गोळा करायचं काम तिच्याकडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतानं "रंग दिसत नाही" म्हणताच तिनं साखळी थांबवली. पेटीतला शुद्ध आवाज तोच, पण शब्दांना धार आली होती.

"बोरजाई, नियम तुमच्या श्रद्धेचा आदर करतो. मी करत नाही. आमच्या स्मशानात भरतीचे पाणी येते. माझ्या आईचे हाड मी किनाऱ्यावरून उचलले. तुमचा देव त्या पाण्याच्या बाजूचा आहे काय?"

"तो देव नाही," वैजयंता हळूच म्हणाली. "म्हणजे, मला ठाऊक नाही."

"मग पाहा."

"हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलंत."

"आम्हाला लावता येत नाही. आम्ही परके. तुम्ही परक्या आहात काय?"

वैजयंतानं धीर करून विचारलं, "बाई, मोठ्या धुराड्यांवाल्या देशांवर कधी अबोला टाकलात का हो तुम्ही?"

"टाकला आहे," पेटीतून आवाज आला. "ते सावकाश वाकतात. लहान लवकर वाकतात. हा अन्याय आहे. म्हणून तुमची साक्ष सोडू काय?"

त्या दिवशी वैजयंतानं अन्न घेतलं नाही. गावदेवी बोरजाईच्या देवळात कौल लावावा असं एकदा मनात आलं. देवीच्या अंगावर फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण तिनं स्वतःला आवरलं. उत्तर ठाऊक असताना कौल मागणं म्हणजे देवीला भिडेत घालणं.

शेंदराचे थर साचले की देवाचं कवच उतरवायची रीत असते. उपास करून, नाहून, ओलेत्यानं, तिळाचं तेल लावून हलक्या हातानं ते सोडवायचं आणि पाण्यात विसर्जन करायचं. तिनं लहानपणी आजोळी ते पाहिलं होतं. पाहिलेलं ती विसरत नसे.

बाजारच्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, ओल्या लुगड्यानं ती बांधावर गेली. हातात तेलाची वाटी.

"ए बाई!" सदा गुरव ताडकन उठला. "कवच देव सोतानं सोडतो. मानसानं काढायचं नसतं! आन् तू तर—"

"विधवा. ठाऊक आहे, गुरवकाका. तो देव असेल तर हात लावल्याचं पाप माझं. नसेल, तर देवाचं नाव घेऊन फसवल्याचं पाप कुणाचं, ते तुम्ही ठरवा. तुम्हीच काढता का? मग मी बाजूला होते."

सदा वाटीकडं बघत परत खाली बसला. त्याचे हात घोंगड्यावरून हलले नाहीत.

बाजारची माणसं गोळा झाली. एक ढेकूळ येऊन तिच्या पाठीवर फुटलं. "घरभेदी!" "भावाच्या मुळावर उठली!" "जगाची चाकरीण!" तिनं नमस्कार केला, "क्षमा कर" म्हणाली आणि तेलाचं बोट दगडावर ठेवलं. ती शेंदूर सोडवत राहिली. तिचे हात कोपरापर्यंत केशरी झाले. चांदीचे डोळे निघाले, ते तिनं पानावर ठेवले. ओरडा हळूहळू बंद झाला. मग कुणी खूण केली कोण जाणे, एकेक माणूस वळला आणि सगळ्या बाजारानं तिच्याकडं पाठ केली. म्हातारी, कर्ती, काखेतल्या पोरांसकट बायका. सामोरा राहिला एकटा उत्तम, स्टोरेजच्या फाटकात.

खाली दगडफूल पांढरंफटक होतं, आजच्या तेलानं नव्हे, आधीच मेलेलं. चितेच्या राखेसारखं. बोट लागताच भुगा झाला.

तिनं पेटी काढली. उगवतीची वेळ टळली होती, पण मेरेआना दिवसभर पेटीवर असे. दोन शब्द होते, दोन्ही तिच्या ताब्यात. "मेला" म्हटलं असतं तरी ते अगदीच खोटं झालं नसतं.

"बोरजाई," ती म्हणाली. "दगड मारला. तेलानं. मी माझ्या डोळ्यांनी पाहते आहे."

"हात कुणाचा?" मेरेआनानं विचारलं.

"हात मी पाहिला नाही."

"अंदाज?"

"साक्षीला अंदाज नसतो, बाई."

"मग नियम ऐका. हात समजला नाही, तर सारे गावच तो हात मानले जाईल. प्रत्येक घर, गावाबाहेर गेलेली मुलेसुद्धा. हात समजला, तर अबोला त्या एका घरावर, यंत्र बदलेपर्यंत. साक्षीचा शब्द हवा, किंवा त्या हाताचा स्वतःचा."

कवच कालव्यात सोडून ती घरी आली. केतकी दारात उभी होती. तिनं आईच्या केशरी हातांकडं पाहिलं, पाठीवरच्या मातीकडं पाहिलं. मग ती आत गेली, पाट मांडला आणि पदर पसरून बसली. वैजयंतानं हात धुवायला तांब्या उचलला.

"तसेच राहू दे," केतकी म्हणाली. "शेंदराला चाललं ना? मग नारळालाही चालतं."

वैजयंतानं लेकीची ओटी भरली. दोघीही हसल्या नाहीत की रडल्या नाहीत.

त्यानंतर मात्र नवल घडलं. जे गाव पाठ फिरवून उभं होतं, ते दाराशी आलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला कुणी डबा देईना, सुरतेला दिलेल्या लेकीला दुकानातून परत पाठवलं, असे निरोप येऊ लागले. गिरणीवाल्याचा पट्टा आपोआप जोडला गेला. हौसाकाकू, जी हापशावरून अर्धी घागर घेऊन पळायची, ती वाटीभर साखर घेऊन आली.

"नाव घेऊन टाक की गं. समद्यांस्नी ठावं हाय कुणाचं ते."

"तुम्ही पाहिलंत, काकू?"

"सारं गाव व्हतं तिथं! म्या तर दिवा धरला व्हता—" काकूनं जीभ चावली.

"मग तुम्हीच सांगा पेटीत."

"अगं बया! म्हंजी माझं घर दिव्यासकट सापडंल!" काकूनं साखरेची वाटी उचलली, पदराखाली घातली आणि जाता जाता दारातच बोटं मोडली. "आदी गप बस म्हनलं तर बोललीस, आता बोल म्हनतो तर गप. तुझ्या तोंडाला किडं पडतील!"

आणि एका पहाटे उत्तम आला. अजून फटफटायचं होतं. कपडे चुरगळलेले, दाढी वाढलेली. वैजयंतानं चहा ठेवला, पाण्याचा तांब्या पुढं केला. तो कशालाच शिवला नाही.

"स्टोरेजवरचे दोघं आज नाव घेणार म्हणतात," तो म्हणाला. "स्वतःचं. माझ्यासाठी. बायकापोरांची माणसं आहेत ती." मग थोडा थांबून, "तू माझं नाव घेतलं नाहीस. वाटलं, रक्त आठवलं असेल."

तिला हो म्हणता आलं असतं. त्यानं ते ऐकायलाच मान पुढं केली होती. पण इतकी वर्षं जो नेम केला तो अशाच वेळेसाठी होता.

"मी पाहिलं नव्हतं, दादा. पाहिलं असतं तर घेतलं असतं."

उत्तमचा चेहरा बंद झाला, शटर ओढावं तसा. "असं होय," तो म्हणाला. "आण ती पेटी."

पूर्वेला तांबडं फुटलं होतं. साखळी आंध्रातली गावं ओलांडून आली आणि पेटीनं विचारलं, "बोरजाई?"

"मी उत्तम निकम. दगडावर शेंदूर मी लावायला लावला. तेल माझं. हात माझा. बाकी कुणाचा धरू नका."

"हा शब्द आपण आपल्या मर्जीने देत आहात काय?"

"मर्जी!" तो हसला. "मर्जी कुठली, आमच्यात बहिणी असतात."

"शब्द समजला नाही. कृपया पुन्हा सांगावे."

"हो," तो ओरडला. "मर्जीनं!"

"समजले," पेटी म्हणाली आणि पुढच्या गावाला हाक मारू लागली. इतकं सहज, की जणू कुणी दळण उतरवून ठेवलं.

उत्तम उठला. चहावर साय धरली होती. उंबऱ्याशी तो थांबला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही, भिंतीशी बोलावं तसा बोलला, "इथून पुढं तुझं माझं काही नाही. बाळ झालं तरी कळवू नका मला."

वैजयंता चुलीपाशी उभी होती.

"कळवणार," केतकी आतल्या खोलीतून म्हणाली. "तुम्ही ऐकू नका, मामा."